पेटीतल्या तबकड्यांचा भाव

आमचं गाव रामाकोना. नागपूरहून सावनेर, सौंसर ओलांडून छिंदवाड्याच्या दिशेने निघालं की लागतं. लहानपणी आम्ही 'छोटी लाईन'ने, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने नागपूरला जायचो. ती २०१५ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी आता मोठी लाईन आली. पत्त्यात आधी छिंदवाडा जिल्हा लिहायचो, २०२३ पासून पांढुर्णा लिहितो. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी, असं आमचं बालपण गेलं. अशा गावातल्या मुलाला जाझच्या जुन्या रेकॉर्ड गोळा करायचं वेड कुठून लागलं, हा प्रश्न मला पुण्याच्या ऑफिसात आणि गावच्या ओसरीवर सारख्याच आश्चर्याने विचारला जातो.

आज त्या वेडाचीच एक गोष्ट सांगतो. तिच्यात मी फार शहाणा दिसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नागपूरला बीई करून मी पुण्यात नोकरीला लागलो. तिथे टीममधल्या एका सीनिअरच्या घरी पहिल्यांदा खऱ्या टर्नटेबलवर माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ऐकली. १९५९ ची ही रेकॉर्ड. तोवर माझ्यासाठी गाणं म्हणजे मोबाईलमध्ये मागे चालू असणारी गोष्ट होती. इथे मात्र वीस मिनिटं गप्प बसावं लागलं आणि मग उठून बाजू उलटावी लागली. मला ते आवडलं. पुढच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेलो आणि परतताना काखेत तीन एलपी होत्या. त्यातल्या दोन पुढे कधीच नीट वाजल्या नाहीत.

बाबांना हा खर्च पटत नव्हता. "हे आपलं संगीत नाही," असं ते म्हणायचे. मग माझ्या हाती नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक पडलं आणि बाबांना द्यायला उत्तर सापडलं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद आला. पुढच्या वर्षी क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने मुंबईतच 'ताजमहाल' नावाची एक फॉक्सट्रॉट धून 'रेक्स' या लेबलसाठी ध्वनिमुद्रित केली. या अमेरिकन वादकांकडून जाझ उचलणारे बहुतेक आपले गोव्याचे लोक होते, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईत आलेले. त्यातले एक आल्डोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत काम, असं या मंडळींचं चालायचं.

"बाबा, तुमचा आवडता 'अलबेला' आठवतो?" मी विचारलं. १९५१ चा हा सिनेमा भगवानदादांचा आणि संगीत सी. रामचंद्रांचं. हे सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. "त्यात पडद्यावर जो बँड दिसतो ना, तो चिक चॉकलेटचाच." बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाव बघू एकदा." त्या दिवसापासून माझ्या खर्चावरची चर्चा बंद झाली.

छंद वाढला तसा मी फसलोही. शंकर-जयकिशन यांची 'रागा जाझ स्टाइल' नावाची एलपी १९६८ मध्ये निघाली होती. एकेका रागावर एकेक जाझ रचना, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. भारतीय जाझ जमवणाऱ्या प्रत्येकाला ती हवी असते. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'मूळ १९६८ ची प्रत' म्हणून समोरच्या बाजूचा सुरेख फोटो टाकला होता. मी साडेसहा हजार रुपये भरले. पार्सल आलं, मी कव्हर उलटलं, आणि मागे बारकोड! दुकानात बारकोड वापरायला सुरुवातच १९७४ मध्ये झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाने विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागितला नव्हता.

त्या साडेसहा हजारांची शिकवणी म्हणून मी रेकॉर्डची किंमत कशी ठरते याचा नीट अभ्यास सुरू केला. थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

पहिली गोष्ट, जुनं म्हणजे महाग नव्हे. आणि थोर म्हणजेही महाग नव्हे. 'काइंड ऑफ ब्लू' लाखोंनी खपली, म्हणून तिची नंतरची प्रत कुठेही साध्या भावात मिळते. उलट हँक मोब्ली यांची १९५७ ची, 'ब्लू नोट' कंपनीची १५६८ क्रमांकाची एलपी त्या वेळी फार थोड्यांनी घेतली. आज तिच्या पहिल्या छपाईच्या चांगल्या प्रतीला संग्राहक हजारो डॉलर मोजतात. किती प्रती उरल्या आणि किती जणांना हव्या आहेत, या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे भाव.

दुसरी गोष्ट, छपाई कोणती. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. खरी जन्मतारीख तिथे वाचायची. ब्लू नोटच्या जुन्या प्रतींवर तिथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरं असतात, आणि कानाच्या आकाराची एक खूण असते. ती प्लास्टिलाइट या कारखान्याची खूण. १९६६ नंतरच्या प्रतींवर ती सापडत नाही. लेबलवर कंपनीचा पत्ता कोणता छापलाय, यावरूनसुद्धा भाव बदलतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अवस्था, आणि माणसं खोटं बोलतात ते इथेच. 'मिंट', 'निअर मिंट', 'व्हेरी गुड प्लस', 'व्हेरी गुड', 'गुड', 'पुअर' अशा पायऱ्या असतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखंच इथेही 'गुड' म्हणजे फारसं गुड नसतं. 'गुड' शेरा असलेली रेकॉर्ड वाजते, पण तळणीतल्या भज्यांसारखा आवाज करत. पायरी ठरवताना रेकॉर्ड जोरदार दिव्याखाली तिरपी धरायची आणि स्वतःची असेल तर जी पायरी वाटते तिच्या एक पायरी खाली उतरायचं. आपल्या वस्तूवरचा ओरखडा आपल्याला नेहमी लहान दिसतो. आणि भाव बघायचा तो लोकांनी मागितलेला नाही, प्रत्यक्षात विकला गेलेला. मागायला काय, कोणी काहीही मागतं.

एवढं ज्ञान झाल्यावर ते अंगात भिनून गप्प बसेल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही सगळे रामाकोन्याला होतो. मोठे बाबा जाऊन वर्ष झालं होतं. ओसरीवर भाऊबंद बसले होते, माझ्या हातात मोबाईल. मी सगळ्यांना मोब्लीच्या एलपीची किंमत रुपयांत करून दाखवली. "एकेक तबकडी लाखांना जाते," मी म्हणालो. कोणीतरी म्हणालं, "आपल्या आबाजीच्या पेटीतबी इंग्रजी गान्याच्या चकत्या हायत ना बे?" मी हसून म्हणालो, "असू शकतं. कोणी सांगावं!"

ती पेटी आमच्या घरातली एक दंतकथाच होती. आमच्या भागात मँगनीजच्या खाणी आहेत. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात या खडकांच्या पट्ट्याला आमच्या तालुक्यावरूनच 'सौसर ग्रुप' असं नाव आहे. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, एका खाणीच्या ऑफिसात कारकून होते. स्वातंत्र्याच्या आसपास तिथला एक गोरा साहेब सामान विकून मायदेशी निघाला. लोकांनी खुर्च्या, कपाटं, पितळी दिवे घेतले. आबाजींनी ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी घेतली. घरी आल्यावर काय झालं ते मोठी आई आजही सासूच्या आवाजात करून दाखवते. नंतर आबाजींनी त्याच पेटीत स्वतःच्या आवडीच्या बालगंधर्वांच्या आणि इतर मराठी तबकड्या भरल्या. साहेबाच्या तबकड्या खाली गेल्या, त्या तिथेच राहिल्या.

दिवाळीनंतर तीन महिन्यांनी दादाचा, म्हणजे मोठ्या बाबांच्या मुलाचा, फोन आला. मोठ्या आईचे दोन्ही गुडघे गेले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्या वर्षी संत्र्याचा बहार गळाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर दादा म्हणाला, "ते पेटीचं पाहून घे ना एकदा. चारपाच लाख तरी येतीन ना?"

मी "बघतो" म्हणालो. 'नाही येणार' असं म्हणायला पाहिजे होतं, एवढं मला तेव्हाच कळत होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, खाणीच्या साहेबाने मुंबईला ताजमध्ये एखादी रात्र घालवली असेल तर? येताना त्याने ती रेक्सची तबकडी आणली असेल तर?

शनिवारी पहाटे रामाकोन्याला पोहोचलो. पेटी माळ्यावरून उतरवून ओसरीवर ठेवली होती. दादाने तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती, मी सांगितलं होतं म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी पेटी असेल तर उपयोगी पडेल. आपण सरसकट 'रेकॉर्ड' म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. १९४८ मध्ये एलपी आली ती व्हिनाइलची. ती मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, वाकते, पण सहसा फुटत नाही. त्याआधीच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. त्या लाखेच्या. तीच लाख, जिच्या बांगड्या आपल्या आया घालतात. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे ती तयार करतात. दगडाची पूड आणि काजळी लाखेत घट्ट बसवून तबकडी ठोकायची. आपल्याकडे कोलकात्याजवळ डमडमला ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना होता. बाकी जगात ७८ च्या तबकड्या बंद होत आल्या तरी आपल्याकडे त्या निघत राहिल्या. म्हणून १९६० च्या दशकात भारतात निघालेल्या बीटल्सच्या ७८ च्या तबकड्यांना आज परदेशी संग्राहकांत मागणी आहे.

लाखेची तबकडी हातातून पडली की बशीसारखी फुटते. आणि तिला स्पिरिटने पुसली तर लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणंच पुसलं जातं. व्हिनाइल साफ करणाऱ्या बऱ्याच द्रवांत अल्कोहोल असतं, म्हणून ते इथे चालत नाही. मऊ कापड, थोडं साधं पाणी, लेबल कोरडं ठेवायचं, बस. एलपीच्या सुईनेही या तबकड्या वाजवायच्या नसतात, कारण यांची खाच सुमारे तिप्पट रुंद असते. ही वेगळी सुई मी पुण्याहून सोबत आणली होती.

सकाळी आठला बसलो तो दुपारी चारपर्यंत उठलो नाही. एकेक तबकडी काढायची, दिव्याखाली तिरपी धरायची, कडेवरून हलकेच नख फिरवून तडा लागतो का बघायचं, क्रमांक लिहायचा, फोटो काढायचा. वहिनी दोनदा चहा देऊन गेली. दादा कामं काढून काढून ओसरीवर येत होता. "काय म्हनते?" एवढंच विचारायचा. मी "अजून आहेत" म्हणायचो.

एकूण ४८ तबकड्या. ३१ इंग्रजी, ११ मराठी, ६ हिंदी. इंग्रजी सगळ्या त्या काळच्या विलायती नाचाच्या बँडच्या. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट. जाझचा वास होता, पण त्या काळी घरोघरी असायच्या तशा, आजही ढिगाने मिळणाऱ्या. तीन तडकलेल्या. साहेबाने आणि नंतर आमच्या घराने पोलादी सुया न बदलता वाजवलेल्या, त्यामुळे बहुतेकांच्या खाचा पांढुरक्या पडलेल्या. त्या काळी दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती, पण सुईला पैसे पडतात. बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या, पण त्या महाराष्ट्रात इतक्या खपल्या की जुन्या घरांत आजही सापडतात. वही मिटली तेव्हा बेरीज अकरा-बारा हजारांच्या आसपास होती. तीही सावकाश, एकेक गिऱ्हाईक शोधून विकली तर.

पेटीच्या तळाशी कागदी लिफाफ्यांचा एक गठ्ठा उरला होता. सात रिकामे लिफाफे, आत जुनी वीजबिलं भरलेली. सहावा लिफाफा उलटला आणि माझे हात थांबले. त्यावर 'रेक्स' छापलेलं होतं.

आता मला एक वेगळीच दुपार आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, घरातली मोठी माणसं झोपलेली. आम्ही तीनचार पोट्टे माळ्यावर चढलो. टीव्हीवर श्रीकृष्णाचं सुदर्शन चक्र रोज दिसायचं. पेटीतल्या वरच्या चांगल्या तबकड्यांना हात लावला तर मार पडेल, एवढी अक्कल होती. म्हणून आम्ही तळातल्या, कोणी न ऐकलेल्या 'इंग्रजी चकत्या' काढल्या. गोठ्याच्या भिंतीवर पहिली मी फेकली. ती फुटली तेव्हाचा आवाज अजून आठवतो. मग सगळ्यांनी फेकल्या. तुकडे आम्ही शेणाच्या खड्ड्यात टाकले. किती फोडल्या ते मोजलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी लिफाफे मोजले तेव्हा कळलं, सात.

मी त्या लिफाफ्याकडे बघत बसलो. डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. रेक्स ही मुळात इंग्लंडची स्वस्त तबकड्यांची कंपनी, तिच्या शेकडो साध्या तबकड्या निघाल्या. शिवाय लिफाफ्यावरून तबकडी ओळखायची नसते, हा संग्राहकांचा पहिला धडा. घराघरांत लिफाफे अदलाबदल होतात. म्हणजे आत क्रिकेट स्मिथची तबकडी असण्याची शक्यता नगण्य. हे सगळं बरोबर होतं. पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे, आणि आता ते तपासायचा मार्ग नव्हता. तो मीच गोठ्याच्या भिंतीवर फोडला होता.

संध्याकाळी सांगायची वेळ आली. खरं सांगतो, मी एक सोपी वाट काढून ठेवली होती. एका इंग्रजी तबकडीवर बोट ठेवायचं, "ही दुर्मीळ आहे, पुण्यात गिऱ्हाईक आहे" म्हणायचं, आणि दोन लाख माझ्या खात्यातून पाठवायचे. गुडघ्यांचं काम होईल, दादाचा मान राहील, आणि माझी दिवाळीची फुशारकीही खरी ठरेल. यातलं तिसरं कारण मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं.

जेवणं झाली. मोठी आई पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती. मी सुरुवात केली, "मोठी आई, यात एक तबकडी..."

ती माझ्याकडे बघत होती. मला पुढचं वाक्य येईना. वहीत मी त्या तबकडीपुढे सकाळी स्वतःच्या हाताने 'गुड, सर्वत्र मिळते' असं लिहिलं होतं. वर्षभर मी त्या बारकोडवाल्या विक्रेत्याला शिव्या देत होतो. तो तरी परक्याला फसवत होता.

मी वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. बेरीज सांगितली. दादा काही बोलला नाही. उठून अंगणात गेला, नळ नीट बंद आहे का बघून परत आला. मग मी लिफाफ्याचं सांगितलं आणि गोठ्याच्या भिंतीचंही. आणि जे करणार होतो तेही सांगून टाकलं, कारण आता उरलं काय होतं?

मोठी आई आधी हसली. "चकत्या फोडल्याचं मले तवाच माईत होतं. शेनाच्या खड्ड्यातले तुकडे तुया मायनं आन् म्याच वेचले. गाईच्या पायात जातीन म्हनून. तुये मोठे बाबा म्हनले, जाऊ दे, पोट्टे हायत." मग तिचा आवाज बदलला. "पन हे दुसरं कावून करून राहिला होता? द्याचं असंन तं पोराच्या नात्यानं दे. मी नाही म्हनली काय? आबाजीच्या चकतीच्या नावानं खोटं कायले बोलतं?"

मला खाली बघण्याशिवाय काही सुचलं नाही. दादाच म्हणाला, "दिवाळीले तूच म्हनला होता बे, लाखाची." त्याच्या आवाजात राग होता आणि तो बरोबर होता. तीन महिने तो त्या आकड्यावर हिशेब मांडत होता. ऑपरेशनची तारीखसुद्धा त्याने त्याच भरवशावर विचारली होती. अवस्थेबद्दल थापा मारणाऱ्या विक्रेत्यांना मी नावं ठेवायचो, पण न पाहिलेल्या पेटीचा भाव चारचौघांत मीच फुगवला होता.

रात्री पुण्याला बाबांना फोन लावला. ते स्पीकरवर मोठ्या आईशी बोलले. खर्चाचे तीन भाग झाले, बाबांचा, माझा आणि दादाचा. हिशेब साध्या वहीत लिहिला आणि त्यात तबकडी हा शब्द कुठेच नव्हता. ऑपरेशन दोन महिने उशिरा झालं, एका वेळी एक गुडघा. आता मोठी आई काठी न घेता अंगणापर्यंत जाते आणि काठी घेऊन देवळापर्यंत.

पेटी विकली नाही. विकून फार काही आलं नसतं म्हणूनही असेल. मी तिची यादी करून दिली, क्रमांक, अवस्था, अंदाजे भाव, सगळं. तबकड्या आता आडव्या न ठेवता उभ्या ठेवल्या आहेत, नव्या कागदात, उन्हापासून दूर. मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची संस्था १९९० पासून हे काम करते. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून जुन्या तबकड्यांची माहिती लिहून ठेवली. त्यांचे लेख वाचताना लक्षात आलं की ही माणसं आधी लेबलवरचा क्रमांक, मग गायकाचं नाव, मग ध्वनिमुद्रणाचं साल असं टिपत जातात. पैशांचा विषय आला तर शेवटी येतो. मी उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

तुमच्या आजोळी किंवा माळ्यावर अशी पेटी असेल तर घाईने भंगारात देऊ नका, आणि मोबाईलवर सगळ्यात मोठा आकडा शोधून घरात जाहीरही करू नका. आधी यादी करा. कोणी आणली, कधी आणली, हे विचारायला माणसं आहेत तोवर विचारून घ्या. आमच्या साहेबाचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही, आणि आबाजींनी त्या तबकड्यांसाठी किती पैसे मोजले हे तर मी कधीच विचारलं नाही.

जाझ मी अजूनही गोळा करतो. 'रागा जाझ स्टाइल'ची ती बारकोडवाली प्रतही विकली नाही, कारण ती वाजते छान. मागच्या महिन्यात एका मुलाला माझ्याकडची एक एलपी विकली. तो म्हणाला, "दादा, फोटोत तर व्हेरी गुड प्लस वाटते." मी त्याला दुसऱ्या बाजूच्या चौथ्या मिनिटाला येणारा खरखराट रेकॉर्ड करून पाठवला आणि 'व्हेरी गुड' लिहिलं. सातशे रुपये कमी मिळाले.

या दिवाळीला रामाकोन्याला ग्रामोफोन दुरुस्त करून नेला. चावी दादाने भरली. मोठ्या आईने बालगंधर्वांची तबकडी मागितली, माझ्या यादीत किंमत चारशे रुपये, शेरा 'गुड, खरखर बरीच'. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मला काही खरखर ऐकू येत नाहीये, असं तिचं म्हणणं होतं. नंतर तिने विचारलं, "साहेबाची एखांदी लाव ना. आबाजी कवा कवा लावत होते." हे मला माहीतच नव्हतं. आम्ही तर म्हणायचो की त्या कोणी ऐकल्याच नाहीत.

एक फॉक्सट्रॉट लावली. दादाची मुलगी, सहा वर्षांची, लगेच नाचायला लागली. तबकडी संपल्यावर तिने ती हातात घ्यायला मागितली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिला कडेने दोन्ही हातांनी कशी धरायची ते दाखवलं आणि दिली.